बिरुदांचा दगड

विषय : राजापुढे बोलण्याआधी त्याची बिरुदे म्हणण्याची चाल कायमची बंद करण्याबाबत भालदार दुर्गोजी यांचा अर्ज.

हकीकत येणेप्रमाणे.

एका राज्यात राजापेक्षा त्याची बिरुदे लांब होती. राजाला काहीही सांगायचे तर आधी भालदार दुर्गोजीने चांदीची काठी आपटून ती सगळी म्हणायची. तेवढ्यात मुदपाकखान्यातले दूध उतू जाई आणि फिर्यादी आपली फिर्याद विसरे. न्याय झटपट होई तो असा.

एकदा भृंगनाथ नावाचा मांत्रिक तळहातावर तडफडणारा पक्षी घेऊन आला. घोटभर पाणी मागायला त्याने तोंड उघडले.

"थांबा. आधी बिरुदे," प्रधान म्हणाले.

दुर्गोजीने ती खणखणीत म्हटली. संपली तेव्हा पक्षी मेला होता.

"ज्या शब्दांखाली माझे पाखरू मेले," भृंगनाथ म्हणाला, "त्यांच्याखालीच तुझी लेक गाडली जाईल, राजा."

दुसऱ्या दिवशी बिरुदे झाली आणि राजकन्या चारुशीलेची पावले दगडाची झाली. बिरुदे थांबवावीत, अशी विनंती करायचे ठरले. पण विनंती राजापुढे करायची, म्हणजे आधी बिरुदे आलीच. तशी ती रीतसर झाली. दगड गुडघ्यापर्यंत चढला. विनंतीवर विचार करायला दरबार पुन्हा भरला, तेव्हा कमरेपर्यंत.

चारुशीलेला दुर्गोजीने खांद्यावर खेळवले होते. आता तिला मारत होता तो त्याचाच गळा. त्याला अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. शेवटी काठी उचलून तो भृंगनाथाच्या डोंगराकडे निघाला.

वाटेत नदीने विचारले, "कोण?"

"श्रीमंत सकळगुणमंडित महाराजांच्या पदरचा..." तो सुरू झाला, तसे पाणी हनुवटीला लागले.

"चाकर!" तो ओरडला. नदी दुभंगली.

पुढे वठलेल्या झाडावर साळुंकी बसली होती. "तुझा राजा कसा रे?"

सगळी बिरुदे घशाशी आली. दुर्गोजीने ती गिळली. मग मान चाचपत म्हणाला, "नाव मोठं, लक्षण खोटं."

"डोकं जाईल हो भालदारबुवा!" साळुंकी हसली. "पण बोललास नेमकं. जा."

गुहेत भृंगनाथ बसला होता. त्याच्यापुढे मूठभर मातीचा ढिगारा होता आणि त्यावर एक पीस. दुर्गोजीने वाटभर घोकलेले गाऱ्हाणे ते पीस पाहताच आटले.

"पाखरू माझ्या तोंडानं मेलं," तो म्हणाला.

मांत्रिकाने ढिगाऱ्यावरचे पीस सरळ केले. "उतारा एका शब्दाचा आहे. राजानेच म्हणायचा."

"कोणता?"

"त्याला ठाऊक आहे. कधी लागला नाही, एवढेच."

दुर्गोजी धावत परतला. तो गेल्यावर बिरुदे म्हणायचे काम प्रधानांनी स्वतःकडे घेतले होते. दगड आता चारुशीलेच्या छातीवर चढला होता. दुर्गोजीला पाहताच प्रधानांनी सवयीने सुरुवात केली.

दुर्गोजीने काठी भिरकावली. "महाराज, गळ्याशी आलं!"

काठीच्या खणखणाटाने प्रधान दचकून थांबले. जन्मात पहिल्यांदा राजाने कुणाचे म्हणणे वेळेवर ऐकले. तो उठून लेकीकडे पळत सुटला. दगड तिच्या ओठांपर्यंत पोचला होता; फक्त डोळे हलत होते. राजाच्या ओठांवर एकामागून एक बिरुदे आली. एकही कामाचे नव्हते.

"चुकलो," राजा म्हणाला.

दगडाला तडा गेला आणि कपच्या जमिनीवर पडल्या.

"बाबा, पाय किती दुखताहेत!" चारुशीला म्हणाली.

राज्य पुन्हा सुरळीत चालले. बिरुदे कोणी म्हणत नाही. वेशीवर पाखरांसाठी पाण्याची कुंडी ठेवली आहे, ती राजा स्वतः भरतो. पण नियम तसाच आहे. राजा "बंद" म्हणाला होता, ते तोंडी होते, असे प्रधानांचे म्हणणे पडले. म्हणून दुर्गोजीने लेखी अर्ज केला. तो परत आला. शेरा होता : माथ्यावर बिरुदे नाहीत.

ती लिहायला दुर्गोजी तयार नाही. त्याने अर्ज होता तसाच पुन्हा दिला. दरबारात कोणी घसा खाकरला, की चारुशीला अजून आपल्या पावलांकडे पाहते.

अर्ज विचाराधीन आहे.