भुंग्याचा चेला

फार मागे, जनावरांचं बोलणं माणसांना कळत असे, तेव्हाची गोष्ट. म्हाळू धनगराकडे भुंग्या नावाचा कुत्रा होता. मेंढरं चरायला लागली की भुंग्या बाभळीखाली ताणून देई. भाकरीच्या वेळी मात्र तो सगळ्यांच्या आधी हजर असे.

एकदा भरदुपारी लांडग्यानं कोकरू उचललं. म्हाळू संतापला, तसा भुंग्या कळवळून म्हणाला, "मालक, मी एकटा कुठंकुठं बघू? दुसरा कुत्रा आणा."

म्हाळूला ते पटलं. त्याची बायको धुरपा म्हणाली, "अहो, आधी याला वळण लावा. दुसरा येऊन शिकणार कुणाकडून? याच्याकडूनच ना?"

"दोघं असले की चुरशीनं राखण करतील," म्हाळू म्हणाला आणि शेजारच्या धनगराकडून एक चुणचुणीत पिल्लू घेऊन आला.

पहिल्या दिवशी पिल्लू मेंढरांभोवती नुसतं धावत सुटलं. भुंग्याला त्याची काळजी वाटली. "पोरा, दमशील अशानं," तो मायेनं म्हणाला. "ये, इथली सावली बघ किती गार आहे." पिल्लू हुशार होतं. आठवड्याभरात ते भुंग्यापेक्षा मोठ्यानं घोरू लागलं.

पुढच्या महिन्यात लांडगा आला आणि निवांतपणे दोन कोकरं घेऊन गेला. म्हाळू डोक्याला हात लावून बसला. "दोघंही कमी पडले," तो म्हणाला. "आता तिसरा आणायलाच हवा."

धुरपा उरलेली कोकरं मोजू लागली. भुंग्याला मात्र मालकाची दया आली. जांभई आवरत तो म्हणाला, "खुशाल आणा, मालक. आता शिकवायला आम्ही दोघं आहोत."