पेवाची जागा

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा राजा कोण होता ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते गाव नक्की कुठे होतं यावरून तर दोन म्हातारे एकत्र आले की अजून भांडतात. गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे, कारण ती ऐकताना भीती वाटते. लहानांनो, तुम्ही आईजवळ सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्हीही बसा. खरं सांगायचं तर ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

डोंगराच्या कुशीतल्या त्या गावाला एक उजाड माळ होता आणि माळाच्या पोटात गावाचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. आतून कडबा लावायचा, धान्य ओतायचं, तोंडावर शिळा बसवायची आणि वरून माती पसरून माळ पहिल्यासारखा करून टाकायचा. गुरं त्यावरून चरत जायची. परका माणूस तर त्यावर बसून भाकरी खाऊन उठला असता, तरी त्याला पत्ता लागला नसता.

या पेवात खायचं धान्य नसे. पुढच्या पेरणीचं बियाणं असे, सगळ्या गावाचं मिळून. पूर्वी लुटारूंच्या टोळ्या येत, घरं पेटवत, धान्याच्या कणग्या फोडत, पण पेव त्यांच्या हाती कधी लागलं नाही. म्हणून गाव दर वेळी पुन्हा उभं राहिलं. मूल जाणतं झालं की आई त्याला माळावर नेई, त्या जागेवर त्याचा तळहात टेकवी आणि सांगे, "ही जागा परक्याला सांगायची न्हाई. मारलं तरी न्हाई."

आणि खरोखरच, मार खाऊन ती जागा कुणी कधी सांगितली नव्हती.

त्या गावात एक बाई राहत होती. दोन मुलं जाऊन तिसरं जगलं, म्हणून त्याला दृष्ट लागू नये यासाठी तिने त्याचं नाव दगडू ठेवलं होतं. सगळे तिला दगडूची आई म्हणत. दगडू मोठा होऊन राजाच्या पागेत घोडे सांभाळायला गेला, आणि त्या दिवसापासून बाईला बोलायला दुसरा विषय उरला नाही.

पेवाबद्दल तिच्या तोंडाला कुलूप होतं. बाकी सगळ्याला दार सताड उघडं. विहिरीवर कुणीही भेटो, गावातलं असो की वाटसरू, दगडूच्या गोष्टी सुरू व्हायच्या. एकदा सुया-दोरे विकणारा एक फिरस्ता तिच्या ओट्यावर टेकला. तिने त्याला ताक दिलं. तो मोठा गोड माणूस होता. त्याने पेवाचा 'प'सुद्धा काढला नाही. नुसतं विचारलं, "मुलगा लांब असतो का हो मावशी?"

झालं. वासराच्या दाव्यात अडकून दगडूचा डावा कान लहानपणी कसा फाटला, पागेत तो कुठल्या घोडीला सांभाळतो, बाजाराच्या दिवशी सगळं गाव डोंगराखाली गेलं तरी आपण या खेपेला का जाणार नाही, तर म्हैस व्यायला झालीय म्हणून, हे सगळं तिने त्याला सांगितलं. त्याने ताकाचं भांडं विसळून परत दिलं आणि एक सुई फुकट दिली. बाई दिवसभर खुशीत होती.

बाजाराचा दिवस उजाडला. गाव ओस पडलं. अंथरुणाला खिळलेली माणसं तेवढी घरात होती, आणि मागच्या गल्लीत गावची थोरली सुईण, जिच्या हातावर अर्धं गाव जन्मलं होतं.

दगडूच्या आईच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. कमरेला पट्टा, छातीवर पितळी बिल्ला, हातात काठी. आत येऊन त्याने स्वतःच दार लोटून घेतलं.

"दगडूची आई तूच का?"

"व्हय. काय झालं?"

"डावा कान फाटका आहे, तोच तुझा मुलगा ना?"

बाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"राजाची लाडकी घोडी विष घालून मारली गेली," शिपाई म्हणाला. "घोडी तुझ्या मुलाच्या हाताखाली होती. त्याचे पाय खोड्यात अडकवलेत. आज सूर्य मावळला की शिक्षा. काय शिक्षा, ते मी तुला सांगत नाही."

ती भिंतीला धरून खाली बसली. घोडी, कान, सगळं बरोबर होतं. एवढं सगळं ज्याला ठाऊक, तो खोटं कसं बोलेल, असंच तिला वाटलं. हे सगळं आपणच वाटत फिरलो होतो, हे त्या घटकेला तिच्या मनातही आलं नाही. भ्यालेल्या माणसाला मागचं काही आठवत नाही.

"माझं लेकरू तसलं न्हाई, दादा," ती कशीबशी म्हणाली.

"मलाही तसंच वाटतं. म्हणून तर लपतछपत आलोय." शिपायाचा आवाज एकदम मऊ झाला. "जामीन दिला तर सुटेल. तुझ्या गावाचं बियाणं जामीन म्हणून चालेल. दाण्याला हात लागणार नाही. नुसती जागा सांगायची. मी जाऊन कळवतो, आणि संध्याकाळपर्यंत मुलगा मोकळा."

बाई दचकली. एवढ्या भीतीतही दचकली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती म्हणाली, "ते मला एकलीला सांगता यायचं न्हाई. सुईण आजीला बोलावते. ती इथंच हाय, मागच्या गल्लीत."

"बोलाव की," तो म्हणाला आणि काठी उचलून उठला. "पण मग मी निघालो. ही गोष्ट तिसऱ्या कानी गेली तर माझी मान जाईल. मुलगा तुझा आहे, तिचा नाही. सूर्य बघ कुठे आलाय."

तिने सूर्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. शिपायाच्या वहाणांना ओढ्यातला काळा चिखल लागला होता, ओला. राजाच्या शहराहून आलेला माणूस डोंगराच्या लाल वाटेने येतो, ओढ्यातून नाही. तिला ते दिसलं. दिसलं, आणि तिने तिकडे काणाडोळा केला, कारण डोळ्यांपुढे खोड्यात अडकलेला दगडू उभा होता.

तिने जागा सांगितली. हलक्या आवाजात, भिंतीकडे तोंड करून.

"शहाणी आहेस," शिपाई म्हणाला. "आता दिवेलागणीपर्यंत दार उघडायचं नाही. कुणी हाक मारली तरी नाही. कुणाशी बोललीस तर पोराचं काय होईल ते तुझं तू बघ."

तो गेला. बाईने आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. गोठ्यात म्हैस अडली होती. ती ओरडू लागली, पुन्हा पुन्हा ओरडू लागली, पण बाई उठली नाही. दूर माळाकडून खुरांचा आवाज आल्यासारखा वाटला. गळ्यातल्या घंटा काढून घेतलेल्या बैलांच्या पावलांचा तो आवाज होता. तिने कानांवर हात दाबून धरले आणि मुलाचं नाव घेत राहिली.

दिवेलागणीला दारावर थाप पडली.

"आये, दार उघड की. म्हैस एकलीच व्याली बघ."

दारात दगडू उभा होता. हातात बाजारातून आणलेली शेव-रेवड्यांची पुडी, खांद्यावर वैरण.

बाईने त्याला चाचपून पाहिलं. मान, दंड, मनगटं. "सोडलं रं तुला? मारलं न्हाई न्हवं?"

"कुणी सोडलं? कशाला मारतंय कोण? दोन दिसांची सुट्टी घिऊन आलोय." आईचा चेहरा पाहून तो थांबला. "काय झालं, आये?"

मुलगा समोर धडधाकट उभा होता, आणि बाईला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली.

तिने सगळं सांगितलं. दगडू तसाच वळला. "चल पाटलाकडं. लादलेली बैलं घाट झपाझपा चढत न्हाईत. आत्ता निघालो तर खिंडीत गाठू."

तिने त्याचा हात घट्ट धरला. "नगं. गाव काय म्हनंल? मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई. अन् कशावरून नेलं असंल? सकाळी बघून येते मी."

"आये, सकाळपत्तूर ते डोंगर उतरतील."

"तुला माझी आण हाय."

दगडू गप्प बसला. त्याने गप्प बसायला नको होतं, पण बसला. आईने आण घातली तर भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

सकाळी ती माळावर गेली. शिळा जागच्या जागी होती. वर माती नीट पसरलेली, तिच्यावर वाळलं शेणसुद्धा टाकलेलं. एकटीला शिळा हलवणं शक्य नव्हतं, आणि खरं म्हणजे तिला ती हलवून बघायचीही नव्हती. सगळं जिथल्या तिथे आहे, असं तिने स्वतःला बजावलं आणि घरी आली. दगडू पागेकडे परत गेला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. तो माणूस निघून गेला होता, पण बोलायचं नाही हा त्याचा हुकूम घरातच राहिला होता. बाई विहिरीवर जाईनाशी झाली. कुणी पेरणीचं नाव काढलं की ती उठून घरात जाई. बायका म्हणत, हिला नजर लागली. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं दूध ती घरोघर वाटत होती, आणि कुणी दुवा दिला की मान खाली घालत होती.

हस्ताचा पाऊस सरला, मातीला पेरणीजोगा वाफसा आला. पेरणीचा दिवस ठरला. सगळं गाव तिफणी घेऊन माळावर जमलं. बायकांनी शिळेला हळदकुंकू वाहिलं. गड्यांनी पहारी लावून शिळा सरकवली. पेवात कोंडलेली हवा वाईट, म्हणून रिवाजाप्रमाणे आधी दोरीला बांधून दिवा आत सोडला.

दिवा उतरू लागला. बियाण्याच्या राशीवर तो वरच टेकायला हवा होता. तो खालीच जात राहिला. पार तळाला गेला, आणि तिथे नुसता कडबा दिसला.

एक लेकरू रडायला लागलं, का ते न कळताच.

दगडूची आई पुढे आली आणि शिळेशेजारी मातीत बसली. "मी सांगितली जागा," ती म्हणाली.

सुईण म्हातारी तिच्याजवळ वाकली. "कवा गं, पोरी?"

"बाजाराच्या दिशी."

"त्या दिसापास्नं आजपत्तूर गप ऱ्हायलीस?" म्हातारीने डोळे मिटले. "त्याच सांजंला माझं दार वाजवलं असतंस तर आपल्या पोरांनी खिंडीत गाठला असता त्येला. त्येनं आपलं बियाणं नेलं, पण जायला वाट तू दिलीस."

पुढे कळलं, की त्या बाजारानंतर डोंगराखालच्या गावातही एक बिल्लेवाला शिपाई एका आईच्या दारात उभा राहिला होता. त्याच्या आधी तिथे सुया विकणारा येऊन गेला होता. वरच्या गावाने सावध केलं असतं तर ते गाव वाचलं असतं.

त्या साली शेतं काळीच राहिली. कितीतरी घरांना कड्या लागल्या. माणसं परमुलखात दुसऱ्यांच्या बांधावर राबायला गेली, आणि त्यातली सगळीच काही परत आली नाहीत. जाताना काहीजण म्हणाले, या बाईला गावाबाहेर काढा.

सुईण म्हातारी तेवढी आडवी आली. "हिला हाकललं, तर उद्या जी फसंल ती मरंस्तवर तोंड उघडायची न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या हिला. बोलू द्या."

दगडूची आई राहिली, आणि बोलत राहिली. विहिरीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या सुनेला ती आपली गोष्ट सांगे, काही न लपवता. मुलाचं कौतुक मात्र तिने पुन्हा कधी परक्यापुढे केलं नाही. तिचं ऐकून गावाने एक रिवाज घातला. कुणी भीतीचा निरोप घेऊन आला तर त्याला बसायला घोंगडी द्यायची, प्यायला पाणी द्यायचं, आणि पाणी आणायला म्हणून मागच्या दाराने जाऊन शेजारणीला सांगायचं. एवढंच. दुसऱ्याच्या कानावर घातल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

बऱ्याच वर्षांनी, पेव पुन्हा भरलं होतं तेव्हा, एका भरदुपारी गावातल्या एका तरण्या सुनेच्या दारात पितळी बिल्ला चमकला. तिचा नवरा व्यापाराला गेलेला होता, आणि शिपायाला त्याचं नाव, गाव, अंगावरची खूण, सगळं ठाऊक होतं. सून भ्याली. पण भीत भीतच तिने घोंगडी अंथरली आणि म्हणाली, "बसा, पाणी आणते."

मागच्या दाराबाहेर शेजारच्या घरची दगडूची आई उभी होती, आता पार म्हातारी झालेली. सुनेने तिला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "मला लई भ्या वाटतंय."

"वाटू दे," म्हातारी म्हणाली. "मला बी वाटतंय. चल, दोघी मिळून पाटलाकडं जाऊ."

दोघी गावकऱ्यांना घेऊन परत आल्या, तेव्हा घरात नुसती घोंगडी होती. शिपाई पाण्याची वाट न बघताच पळाला होता. माळावरची शिळा हललीही नव्हती.

तात्पर्य: जो तुम्हाला घाबरवतो आणि कुणाला सांगू नका म्हणतो, त्याला घरातलं काहीही सांगण्याआधी आपल्या माणसाला हाक मारा, आणि फसलाच असाल तर त्याच घटकेला हाक मारा.