एकीलाच विचारलं

राजवाड्याच्या स्वयंपाकघरात मांजर शिरलं आणि रखमाजी आचाऱ्याचं नशीब फुटलं! आईसाहेबांच्या हातचं विरजण, रोज त्यातलंच थोडं राखून नवं दही लावायचं. ते मांजरानं चाटूनपुसून साफ केलं. आईसाहेबांना जाऊनही वर्षं लोटलेली.

"उद्या पानात तेच दही हवं!" प्रचंडरावराजे कडाडले. "नाहीतर आचाऱ्याची गाढवावरून धिंड!"

दिवाणजींनी लगेच अक्कल पाजळली. वाड्यातलं विरजण पूर्वी गावात गेलेलं, कुणाकडे तरी असेलच, म्हणून दवंडी पिटली, की घरोघरचं दही राजवाड्यात जमा करा, इथे तपासणी होईल! पण सरकारात कोण आपलं गोड दही देणार? चांगलं प्रत्येकीनं घरात झाकून ठेवलं आणि आंबलेलं सरकारजमा केलं. दुपारपर्यंत मडकी फसफसली, कोणतं कुणाचं ते कळेना आणि वासानं पहारेकरीसुद्धा पळाले.

तेव्हा आचाऱ्याची बायको तानू पदर खोचून पुढे आली. नवऱ्याच्या काळजीनं जीव टांगणीला लागला होता, पण जीभ शाबूत होती.

"सरकार, मी शोधते."

"तू?" राजे खेकसले. "सगळ्या नगराला विचारून दिवाण थकले! तू एकाच माणसाला विचारायचं. तेही दिवेलागणीच्या आत!"

दिवे लागल्यावर विरजण कुणी घराबाहेर देत नाही, हे राजांनाही ठाऊक होतं.

तानू थेट फुलारणीच्या अंगणात गेली. "बये, वाड्यातून विरजण नेलं होतंस. आहे का गं?"

"माझं परवाच बिघडलं. पण साळ्याच्या सुनेला दिलं होतं, तिला विचारते."

"तिच्याकडे नसलं तर तिनं जिला दिलं तिला विचारू दे. सापडलं की आल्या वाटेनंच वाटी परत धाडा!"

साळ्याच्या सुनेनं कुंभारणीला गाठलं, कुंभारणीनं कुंपणावरून तेलिणीला हाक मारली. ऊन उतरायच्या आत हातोहात वाटी आली. मागोमाग कोळीवाड्यातूनही एक आली!

राजांनी दोन्ही चाखल्या. चव एकच! त्यांचे डोळे भरून आले. "आईसाहेबांचंच!" मग एकदम डोळे वटारले. "पण तू अख्खं नगर ढवळलंस! अट मोडली!"

"छे, सरकार! मी एकीलाच विचारलं. पुढं जिनं तिनं आपल्या शेजारणीला विचारलं. त्याला दवंडी कशाला लागते?"

दिवाणजी पुढे सरसावले. "सरकार, आता तरी हे कडीकुलपात ठेवू!"

"ठेवा की!" तानू म्हणाली. "म्हणजे पुन्हा हरवायला सोपं! वाड्यानं एकट्यानं सांभाळलं ते एका मांजरानं संपवलं. गावानं दारोदार वाटलं, ते संपवायला किती मांजरं आणाल, दिवाणजी?"

राजे पोट धरधरून हसले. रखमाजी सुटला, तानूला भरजरी लुगडं मिळालं आणि दिवाणजींना नवी कामगिरी मिळाली: रोज सकाळी मागच्या दारी बसायचं आणि मागेल तिला वाटीभर विरजण द्यायचं!