टिटवीची दवंडी

एका राज्यात आरसे आंधळे झाले होते. कपालकेतू नावाच्या जादूगाराने तळ्यांतली प्रतिबिंबे पिऊन टाकली, राजाला सिंहासनावरच पाषाण केले आणि तिन्ही राजकन्यांच्या कपाळी एकेक टिळा लावला. टिळा काळा असेल, नाहीतर पांढरा. दुसरीचा दिसे, स्वतःचा दिसत नसे.

"रोज सांजेला नगाऱ्यावर तीन ठोके पडतील," तो म्हणाला. "जिला आपला रंग कळेल, तिने त्याच ठोक्याला सांगावा. तिघी सुटल्या की राजा उठेल. एक जरी चुकली, तर ती दगड होईल आणि राजा कायमचा दगड राहील. टिळ्यांविषयी आपसांत बोलायचे नाही. दरबाऱ्यांनो, तुम्ही कुणा एकीला तिचा रंग सांगितलात, तरी तीच दगड होईल."

एक तप लोटले. मधल्या कुंदलतेला थोरल्या मृगावतीचा टिळा काळा दिसे, धाकट्या शशिकलेचाही काळा. आपला कोणता? दरबाराला सारे दिसत होते. दरबार गप्प होता.

एका सांजेला, अशुभ म्हणून गडाबाहेर हाकललेली टिटवी तटावर येऊन बसली आणि माणसाच्या वाणीने ओरडली, "ऐका हो ऐका! तिघींपैकी एकीचा तरी टिळा काळा आहे!"

"गप्प, अवलक्षणे! राजकन्यांचा जीव घेशील!" प्रधान थरथरला.

"मी कुणा एकीचा रंग सांगितला का, प्रधानजी? एकीला तिचा रंग सांगू नका, इतकेच तो जादूगार म्हणाला होता. तोंडच उघडायचे नाही, ही भर तुमची!"

नगाऱ्यापाशी उभा कपालकेतू खदखदून हसला. "हे तर तिघींनाही ठाऊक आहे, पाखरा!"

पहिला ठोका पडला. कुणी बोलले नाही.

कुंदलता मनाशी हिशेब करू लागली. काळी एकटीच असती, तर तिला समोर दोन्ही पांढरे दिसले असते. टिटवीचे बोल ऐकून ती आत्ताच बोलली असती. म्हणजे काळ्या दोन तरी आहेत. आणि हे तिघींनाही ठाऊक आहे, हे आता प्रत्येकीला कळले.

दुसरा ठोका पडला. पुन्हा शांतता.

माझा पांढरा असता, तर मृगावती आक्काला समोर धाकटीचा एकच काळा दिसला असता. दुसरी काळी आपण स्वतःच, हे ओळखून ती आत्ता बोलली असती. आक्का बोलली नाही. पण ते मौन विचाराचे, की भयाचे? भयाचे असेल, तर आपण चुकू आणि बाबा कधीच उठणार नाहीत. तिने आक्काकडे पाहिले. आक्काचे डोळे दिव्यासारखे तेवत होते. धाकटीचेही. बारा वर्षे जी शांतता मुकी होती, ती आता बोलत होती.

तिसरा ठोका पडला.

"काळा!" तिन्ही कंठांतून एकच स्वर उठला.

नगारा उभा फाटला. तळ्यांत आकाश परतले. तिन्ही टिळे रंग पालटत उडून कपालकेतूच्या कपाळी बसले, आणि त्यांचा रंग ज्याला त्याला विचारीत तो रानात निघून गेला.

राजाने डोळे उघडले. त्याची पहिली आज्ञा झाली, "रोज सांजेला टिटवी दवंडी देईल. सर्वांना ठाऊक असेल तेच, पण सर्वांसमोर."

"महाराज," प्रधानाने हात जोडले, "ठाऊक असलेलेच पुन्हा काय सांगायचे?"

राजाने टिटवीकडे पाहून मान डोलावली. तिने पंख झटकले आणि पहिली दवंडी दिली:

"ऐका हो ऐका! राजा दगड झाला होता, आणि आपण सारे बघत होतो!"