पागोट्यातली दोरी

सातपुड्यात वाघ अजून माणसाला वाट देत असे, त्या काळातली ही गोष्ट. रुमाल्या शिकाऱ्याकडे धनुष्याच्या दोन दोऱ्या होत्या. एक धनुष्यावर चढवलेली, दुसरी अडीअडचणीला म्हणून पागोट्यात खोचलेली. रोज संध्याकाळी तो धनुष्यावरच्या दोरीला मेण चोळायचा. पागोट्यातली तशीच राहायची.

"बाई गं, मी आतून वाळत चाललेय," ती एकदा रुमाल्याच्या कुत्रीला, चांदरीला म्हणाली. "त्याला माझं ऐकू येत नाही. तू तरी सांग."

तेव्हापासून चांदरी रोज पागोट्याकडे बघून भुंकू लागली. रुमाल्याला वाटायचं, हिला भूक लागली. तो हसून भाकरीचा तुकडा टाकायचा.

एके दिवशी जखमी रानडुक्कर उलटून अंगावर आलं आणि नेमकी धनुष्यावरची दोरी तुटली. चांदरी मध्ये पडली. रुमाल्याने घाईघाईने पागोट्यातली दोरी चढवली, बाण लावून ओढला, आणि तीही कटकन तुटली. डुकराने चांदरीला फाडलं आणि ते झाडीत निघून गेलं.

"मला माफ कर गं," तुटकी दोरी म्हणाली.

"तुझा काय दोष? आपण सांगितलं होतं त्याला," चांदरी म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

रुमाल्याने तिला पागोट्यात गुंडाळून पुरलं. घरी येऊन दोन नव्या दोऱ्या वळल्या, दोन्हींना मेण चोळलं. मग भाकरीचा तुकडा हातात धरून, कुणी भुंकतंय का, ते ऐकत बसून राहिला.