दारावरच्या लाल दोऱ्या

लहानमोठ्यांनो, ही फार जुनी गोष्ट आहे. नकाशे काढायची रीतही पडली नव्हती, तेव्हाची. डोंगरदऱ्यांच्या एका राज्यात एक बाई वाखाच्या दोरांचे झुलते पूल बांधायची. तिच्याआधी तिथली माणसं दरी उतरायची आणि धापा टाकत पुन्हा चढायची. तिने त्यांना वरच्या वर पलीकडे जायला शिकवलं. याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

नाव झालं तशा तक्रारीही आल्या. एका गावाचा बैल पुलावरून पडला होता. नावाडी म्हणाले, हिच्या पुलांनी आमचा धंदा बसवला. एका दोरवाल्याचं म्हणणं, हिची गाठ मुळात माझ्या आजोबांची. राजाचा न्याय चोख होता, पण सावकाश चालायचा. निकाल लागेपर्यंत प्रत्येक तक्रारीमागे एक लाल दोरी दारावर टांगायची, असा नियम होता.

बाईने तिन्ही दोऱ्या पुढच्या दारावर टांगल्या. शेजारच्या खुंट्यांवर नव्या दोराची तीन जाडजूड वेटोळी अडकवली. निकाल विरुद्ध गेला तर भरपाई त्यातून द्यायची, तोवर त्यांना हात लावायचा नाही.

अशात बातमी आली, सगळ्यांत खोल दरीपलीकडची मंडळी पूल बांधणारा शोधत येताहेत. त्या दरीवर पूल बांधायचं स्वप्न बाई लहानपणापासून बघत होती.

तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "आक्का, आजच्यापुरत्या दोऱ्या गोठ्याच्या दारावर टांगू. नियमात नुसतं दार म्हटलंय. घाटाखालचा पूलवाला तेच करतो."

मोह बाईलाही झाला. तिने एका दोरीला हात घातलासुद्धा. मग हात मागे घेतला.

"ती माणसं माझ्या भरवशावर दरीवर पाय टाकणार. त्यांच्यापासून लपवूनच पूल मिळणार असेल, तर तो मला नको."

मंडळी आली. त्यांच्या म्होरक्या आजींनी दोऱ्यांकडे बोट दाखवलं. "यात तुझी चूक किती?"

"बैलाच्या बाबतीत असेलही, आजी. फळ्यांत अंतर जास्त राहिलं का, माझं मलाच कळत नाही. नावाड्यांच्या बाबतीत नसावी. गाठ माझीच आहे. पण निकाल काही मी लावत नाही."

आजींनी मान डोलावली, आणि मंडळींनी पूल घाटाखालच्याला दिला. त्याचं पुढचं दार कसं स्वच्छ होतं. बाई त्या दिवशी जेवली नाही.

पूल दरीच्या मध्यावर आला आणि एकदाचे निकाल लागले. घाटाखालच्याच्या गोठ्यावर दोऱ्यांचा झुबकाच निघाला, आणि बहुतेक निकाल त्याच्या विरुद्ध गेले. भरपाईसाठी त्याने बाजूला काहीच ठेवलं नव्हतं. मग राजाच्या शिपायांनी अर्धवट पुलाचेच दोर उतरवून नेले.

बाई बैलाच्या तक्रारीत हरली. तिने एक वेटोळं काढून दिलं, सगळ्या पुलांच्या फळ्या जवळ घेतल्या आणि पुन्हा कामाला लागली. नावाड्यांची तक्रार फेटाळली गेली. गाठीचा निकाल अजून लागायचा होता.

आजी पुन्हा दारात उभ्या राहिल्या. "एक दोरी अजून आहे वाटतं."

"आहे. तिचं वेटोळंही आहे."

"दिसतंय मला. चल, दरी बघायला."

पूल झाला. त्या राज्यात तेवढा लांब पूल कुणी पाहिला नव्हता. बाईने दारावरची लाल दोरी तशीच ठेवली आणि तिच्यासारखीच एक स्वतःच्या हाताने पुलाच्या पहिल्या खांबावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बांधली.

भावाने एकदा विचारलं, "आक्का, लोक विचारत नाहीत या दोरीचं?"

"विचारतात. मी सगळं सांगते. मग ते पोराबाळांचा हात धरून पलीकडे जातात," बाई म्हणाली, आणि तिची मान ताठ होती.

तात्पर्य : न लागलेला निकाल जो उघड्यावर टांगतो आणि त्याची तयारी ठेवतो, त्याच्याच भरवशावर लोक दरी ओलांडतात.