सात पाण्यांची लोकर

एका गावात एक वैद्य होते, आणि गावाचा भरवसा त्यांच्या औषधापेक्षा त्यांच्या तीन बोटांवर जास्त होता. त्यांचे नाव गुंडोपंत. रोग्याच्या मनगटावर ते तीन बोटे टेकवत, डोळे मिटत आणि काल रात्री तो काय जेवला इथपासून सगळे सांगत. लोक म्हणत, यमदूतसुद्धा गुंडोपंतांना विचारल्याशिवाय गावात शिरत नाहीत. लोकांचे काय, लोक काहीही म्हणतात. पण अलीकडे गुंडोपंतांनाही ते खरे वाटू लागले होते.

गुंडोपंतांना स्वच्छतेचे भारी वेड. एक रोगी उठला की रिठ्याच्या पाण्याने हात धुवायचे, दुसरा बसण्याआधी राखेने घासायचे. पूजेला ते लोकरीची धाबळी नेसत, पण वाटेत मेंढरे दिसली की उपरणे नाकाला लावत. ज्या मेंढीची लोकर देवापुढे चालते तिचा वास आपल्याला का चालत नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

त्या वर्षी कडाक्याची थंडी पडली. गुंडोपंतांच्या बोटांना भेगा पडल्या आणि टोकांची कातडी बाभळीच्या सालीसारखी राठ झाली. त्याकडे त्यांनी लक्ष दिले नाही. पण एक दिवस सुताराची नाडी पाहायला बसले, तर नाडी लागेना. त्याच्यामागून तेलीण आली, तिचीही लागेना. मग कोष्टी आला, त्याचीही तीच गत. गुंडोपंत चक्रावले. साऱ्या गावाची नाडी एकदम कशी मंदावली? त्यांनी ज्याला त्याला शक्तीचा लेह चाटवायला सुरुवात केली. धडधाकट माणसे लेह चाटून गोंधळल्या चेहऱ्याने घरी जाऊ लागली.

शेवटी त्यांनी स्वतःची नाडी पाहिली. तीही लागेना. त्यांना घाम फुटला. ते बायकोला, सगुणाबाईंना, म्हणाले, "अगं, मी बहुधा गेलो."

सगुणाबाई ताक घुसळत होत्या. त्या म्हणाल्या, "गेलेला माणूस दोन भाकऱ्या पिठल्याबरोबर खाऊन वर ताक मागत नाही. हात दाखवा इकडे." आणि बोटे पाहून म्हणाल्या, "नाडी जागेवर आहे. तुमची बोटं मेली आहेत."

आता मात्र गुंडोपंतांच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या बोटांवर घर चालायचे आणि गावाचा जीव विसंबून होता, त्या बोटांना काही कळेनासे झाले होते. हे सांगायचे कुणाला? सांगितले तर उद्या दारात कोण येईल? त्यांनी सांगितले नाही. पूर्वीसारखीच बोटे टेकवायची, डोळे मिटायचे आणि अंदाजाने पित्त म्हणायचे किंवा कफ म्हणायचे, असे त्यांनी सुरू केले. कासारणीचा खोकला गुलकंदाने दुप्पट झाला. तरी ती बिचारी म्हणाली, "बुवांनी सांगितलंय, म्हणजे असंलच काहीतरी."

स्वतःवरचे उपाय चालूच होते. शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप ते रात्री बोटांना चोळत आणि सकाळी राखेने हात घासून टाकत. गुण कसा तो येईना, आणि का येत नाही तेही कळेना.

अशात गावाबाहेरच्या माळावर धनगरांचा तळ पडला. तळावरची म्हाकूबाई पोटदुखीचे औषध न्यायला आली. गुंडोपंतांनी सवयीने तिचा हात हातात घेतला आणि ते बघतच राहिले. साऱ्या गावाचे हात उलले होते, आणि उघड्या माळावर राहणाऱ्या या बाईचा तळवा लोण्यासारखा मऊ होता.

"हाताला काय लावतेस गं?"

"काय न्हाई, बुवा. मेंढरं कातरली की दीसभर लोकर निवडत बसायचं. लोकरच लागती, तेवढीच."

"नुसती लोकर?"

"नुसती. मूठभर धाडू का? हातात धरून चोळत बसा. पायाच्या भेगंतबी भरत्यात आमची माणसं."

दुसऱ्या दिवशी लोकर आली. काळपट, चिकट, कुसळे भरलेली, आणि वास असा की सगुणाबाईंनी परसातले दारही लावून घेतले. गुंडोपंतांनी चिमट्याने उचलून ती टोपलीत टाकली आणि विचार केला. ज्ञान त्यांच्याकडे भरपूर होते, आणि घोटाळा तिथेच झाला. तूप शंभर वेळा धुतले की त्याचे औषध होते, मग लोकरीने काय घोडे मारले? आहे तशी लोकर जर इतका गुण देते, तर धुतलेली किती देईल!

त्यांनी ती लोकर रिठ्याच्या सात पाण्यांतून काढली. पहिले पाणी ताकासारखे गढूळ निघाले, सातवे नितळ. उन्हात वाळवल्यावर ती कापसासारखी पांढरी झाली. वर चंदनाचे दोन थेंब पडले. सगुणाबाई म्हणाल्या, "आता कशी देव्हाऱ्यात ठेवण्यासारखी झाली."

आठ दिवस गुंडोपंत ती लोकर चोळत बसले. नवव्या दिवशी भेगांतून रक्त आले.

त्यांना काही सुचेना. मेंढी तीच, लोकर तीच, उलट जास्त शुद्ध. तिचे हात लोण्यासारखे आणि आपले हे असे? मग त्यांच्या मनात आले की म्हाकूबाईने काहीतरी लपवले. आपण स्वतः लेहातली एक वस्तू कुणाला सांगत नाही, मग ती तरी कशाला सांगेल? चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटे नाही. पांढरी लोकर औषधांच्या पिशवीत घालून, तिला चांगले खडसावायचे असे ठरवून, ते सकाळीच माळाकडे निघाले.

तळावर पोहोचतात तोच म्हाकूबाई समोरून धावत आली. "देवावानी आलासा, बुवा. मी तुमच्याकडंच निघाले हुते. आमच्या धन्याला काल सांजंपास्नं ताप चढलाय. हात बगा त्येंचा."

तिचा नवरा धुळा घोंगडीवर निपचित पडला होता. खडसावणे राहिले बाजूला. गुंडोपंत खाली बसले, मनगटावर तीन बोटे टेकवली आणि डोळे मिटले. बोटांखाली नुसता अंधार. त्यांनी बोटे दाबली, उचलली, पुन्हा टेकवली. तरीही काही नाही. हा ताप थंडीचा की पित्ताचा? कफ असेल तर सुंठ-मिरी द्यायची, आणि पित्त असेल तर तीच सुंठ-मिरी आगीत तेल ओतणार. थंडीचे दिवस होते. अंदाजाने कफ म्हणता आले असते. त्यांनी सुंठेची पुडी हातात घेतलीसुद्धा.

म्हाकूबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत शंकेचा लवलेशही नव्हता. तो विश्वास पाहून गुंडोपंतांना स्वतःची लाज वाटली, इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात कधी वाटली नव्हती. त्यांनी पुडी खाली ठेवली.

"म्हाकूबाई, मला काही कळत नाही," ते म्हणाले. "दीड महिना झाला, माझ्या बोटांना नाडीच लागत नाही."

म्हाकूबाईला आधी समजेचना. मग ती हळूच म्हणाली, "मग इतकं दीस गावाचं हात धरून काय बगत व्हता, बुवा?"

गुंडोपंतांनी मान खाली घातली. पण धुळा कण्हला, आणि मान खाली घालून बसायलाही वेळ नाही हे त्यांना उमगले. ते म्हणाले, "तुझी बोटं ठेव इथं. अंगठ्याच्या खाली, अशी ओळीनं. आता सांग, कशी चालते? सापासारखी सरपटते, हंसासारखी संथ चालते, की बेडकासारखी उड्या मारते?"

तिने बोटे ठेवली. मऊ, जागी बोटे. क्षणभर थांबून ती म्हणाली, "बेडकावानी. टुणूक टुणूक उडतीया."

म्हणजे पित्त होते. सुंठेची पुडी दिली असती तर काय झाले असते, या विचाराने गुंडोपंतांच्या अंगावर काटा आला. त्यांनी थंड औषध काढले, म्हाकूबाईच्या बोटांनी दिवसभर नाडी पाहिली आणि दिवस मावळायच्या आत धुळाचा ताप उतरला.

मग गुंडोपंतांनी पिशवीतली लोकर चाचरतच बाहेर काढली. म्हाकूबाईने ती हातात घेतली, वास घेतला, पुन्हा घेतला आणि गोंधळून विचारले, "ही कुणाची लोकर?"

"तूच दिलेली. मी सात पाण्यांतून काढली."

"आन् त्येच्यातला चिकटा?"

"कसला चिकटा? तो मळ होता."

"मळ न्हवं, बुवा. थंडीपावसात मेंढरू त्या चिकट्यावर तग धरतं, आन् हात मऊ हुत्यात त्येबी त्येच्यानंच. तुमी औशिद मोरीत सोडलं आन् चिंध्या चोळत बसला." मग तिने त्यांचे हात पाहिले आणि म्हणाली, "आन् ती राख बंद करा आधी."

गुंडोपंत न धुतलेली लोकर घेऊन घरी आले. राख सुटली, आणि हात साध्या पाण्याने धुतले जाऊ लागले. सगुणाबाईंनी पंधरा दिवस नाकाला पदर लावून जेवण वाढले. भेगा भरल्या, साल गळून कोवळी कातडी आली आणि एका सकाळी स्वतःच्या मनगटावर टेकवलेल्या बोटांखाली बारीकसे काहीतरी उडाले. गुंडोपंत लहान मुलासारखे रडले. मळ म्हणून टाकले तेच औषध कसे निघाले, हे मात्र म्हाकूबाईने सांगूनही त्यांना शेवटपर्यंत नीट उलगडले नाही.

त्याच दिवशी ते सुताराच्या दारात उभे राहिले, मग तेलिणीच्या, मग कोष्ट्याच्या, मग कासारणीच्या. प्रत्येक दारात एकच वाक्य बोलले, "त्या वेळी मी अंदाजानं सांगितलं होतं. हात पुन्हा दाखवा." सुतार चिडला. कोष्ट्याने दार लावून घेतले ते पुन्हा कधी उघडले नाही. कासारीण मात्र खोकत खोकत बाहेर आली आणि तिने हात पुढे केला.

तात्पर्य: जे आपल्याला उमगले नाही ते सुधारायला जाऊ नये. आधी 'मला कळत नाही' एवढे म्हणावे, कारण ते न म्हणणाऱ्याच्या अंदाजाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.